कणगीचं माप : आपल्या घरातल्या साठवणीचा इतिहास



हल्ली मोबाईल उघडला की घर नीटनेटकं ठेवण्याच्या युक्त्या समोर येतात. दाराच्या मागे खिशांची पिशवी अडकवा, पलंगाखाली खण करा, जुन्या बरण्यांना रंग द्या. युक्त्या चांगल्या असतात, त्यातल्या काही आपणही करतो. पण कमी जागेत, कमी पैशात, घरातल्याच वस्तू वापरून साठवण करणं ही काही नवीन कला नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी ती एवढी पुढे नेली होती की तिचा इतिहास कुणीतरी सांगायला हवा. इतिहासाच्या पुस्तकात किल्ल्यांचे बुरूज असतात, घरातली कणगी नसते. म्हणून आज कणगीबद्दल.

तीन हजार वर्षांपूर्वीची कोठी

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. इसवी सन पूर्व १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्या मातीच्या घरांत काय सापडलं? धान्य ठेवायचे जमिनीत खणलेले खड्डे, आतून चुन्याने लिंपलेले. आणि छोटे गोल ओटे. हे ओटे कशासाठी असावेत, हे संशोधकांनी आजूबाजूच्या खेड्यांतली घरं पाहून ओळखलं. त्यांच्यावर कणग्या ठेवत असणार, कारण आजच्या खेड्यांतही कणगी अशीच जमिनीपासून उचलून ठेवतात. गावाचं सामायिक धान्यकोठार असावं अशी एक वास्तूही तिथे मिळाली.

म्हणजे ओल खालून येते, म्हणून धान्य जमिनीला टेकू द्यायचं नाही, आणि भिंत चुन्याने किंवा मातीने बंद करायची, हे दोन नियम तेव्हापासून चालत आले आहेत. राज्यं आली, गेली. कणगीचा ओटा राहिला.

कणगी, बळद आणि पेव

कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची किंवा तुरकाठ्यांची विणलेली मोठी टोपली. ती आतून-बाहेरून शेण आणि मातीने सारवायची, वाळू द्यायची, मग धान्य भरायचं आणि तोंड पुन्हा शेणमातीने बंद करायचं. विणणारा बुरूड असला तरी सारवण्याचं काम बायकांचं. सारवण तडकलं तर तिथून ओल आणि कीड शिरणार, म्हणून पातळ थर द्यायचा, वाळला की दुसरा. घरात मोफत मिळणाऱ्या दोन वस्तूंतून हवाबंद भांडं तयार करायची ही युक्ती!

वाड्यांमध्ये याहून मोठी सोय असे, ती बळदाची. भिंतीला लागून किंवा भिंतीच्या पोटातच धान्याची बंदिस्त जागा. भरायचं वरून, काढायचं खालच्या भोकातून, आणि भोकाला चिंधीचा बोळा. मातीच्या कोठ्यांनाही असंच खाली भोक असे. मी कॉमर्सला होते तेव्हा मालाच्या हिशोबात एक पद्धत शिकवत, जो माल आधी आला तो आधी बाहेर काढायचा. इंग्रजीत तिला ‘फर्स्ट इन, फर्स्ट आउट’ म्हणतात. आम्ही ती परीक्षेसाठी घोकली. बळद बांधणाऱ्यांना ती घोकावी लागत नव्हती, ती त्या भोकातच होती. नवं धान्य वर पडायचं, जुनं आपोआप खालून निघायचं. तळाशी वर्षानुवर्षं काही पडून राहत नसे.

तिसरं पेव. सांगलीकडच्या मैत्रिणींना हरिपूरची पेवं सांगायला नकोत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची तिथली माती इतकी घट्ट की तिच्यात खोल खड्डा खणला तरी बाजू ढासळत नाहीत. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत ऐसपैस पोट. आतून पाचट आणि चटयांचं अस्तर द्यायचं, हळद भरायची, तोंड मातीने बुजवायचं. हळद अशी वर्षानुवर्षं टिकायची, रंग जायचा नाही, कीड लागायची नाही. कारण बंद पेवातली हवा हळूहळू वापरली जाते, आणि श्वास घ्यायला हवाच नसली की कीड वाढू शकत नाही. याच कारणाने पेव माणसालाही धोक्याचं. तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, कंदील आत सोडून पाहायचा आणि तो विझला नाही तरच उतरायचं, अशी रीत होती. घाई करणाऱ्यांचे जीव गेले आहेत. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांत शिरलं आणि त्यांचं फार मोठं नुकसान झालं. आता हळद बहुतेक गोदामात आणि शीतगृहात असते.

या तिघांबरोबर घरात उतरंड असायची. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. जमीन एका मडक्याएवढीच अडायची आणि सामान पाच-सहा मडक्यांचं मावायचं. आज दुकानात एकावर एक बसणारे डबे मोठ्या कौतुकाने विकतात, ती ही उतरंडच. वर आढ्याला शिंकं, म्हणजे मांजर आणि मुंग्या दोघींपासून सुटका, कुणाला न मारता.

डब्याचा आकार कुणी ठरवला?

इथपर्यंतचा इतिहास महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकरी घराचा आहे. पण आपल्या जैन घरांच्या साठवणीत एक गोष्ट वेगळी होती. भांडं केवढं घ्यायचं हे जागेवर किंवा ऐपतीवर ठरत नसे, ते मर्यादेवर ठरायचं.

आपल्याकडे पिठाची मर्यादा सांगितली आहे ती पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि थंडीत ७ दिवस. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. त्यानंतर पुन्हा गाळायचं. उकळलेलं पाणी २४ तास. लहानपणी हे आकडे ऐकून आपण कंटाळायचो, पण साठवणीच्या नजरेने ते एकदा पाहा. दळलेल्या वस्तूला हवा आणि ओल चटकन लागते, पावसाळ्यात सर्वांत लवकर, म्हणून तिथे आकडा सर्वांत लहान. अख्खा दाणा मात्र सालीच्या आत सुरक्षित असतो.

त्यामुळे आपल्या घरात धान्याची कणगी मोठी आणि पिठाचा डबा लहान. जातं रोजच्या वापरातलं, माळ्यावर टाकलेलं नाही. पाण्याचे हंडे भरपूर, पण गाळणं त्यांच्या शेजारीच टांगलेलं, आणि जिवाणी परत पोहोचवायची वेगळी कळशी. मुनीमहाराजांचा किंवा आर्यिका माताजींचा चौका लावायचा तर सगळंच ताजं, शोधून घेतलेलं. म्हणजे साठवायचं काय आणि साठवायचंच नाही काय, या दोन याद्या घरातल्या बाईच्या डोक्यात पक्क्या असायच्या. दुसरी यादी आज आपण विसरत चाललो आहोत.

या सगळ्यामागे पहाटे उठून दळणाऱ्या बाईचे हात होते, हेही विसरू नये. तीन दिवसांचं पीठ म्हणणं सोपं, पण ते दळणाऱ्या सुनेला पावसाळाभर उसंत नसे. आता घरघंटी आली आहे. त्या बायकांना जी मर्यादा अंगावरच्या घामाने पाळावी लागली, ती आपल्याला बटण दाबून पाळता येते. तेव्हा आपण ती जास्त पाळायला हवी, कमी नव्हे.

कीड मारायची नाही, होऊच द्यायची नाही

दुसरा फरक किडीचा. कीड लागल्यावर काय करायचं, हा प्रश्न आपल्या घरात कायम अवघड होता. म्हणून सगळी अक्कल कीड न लागण्यावर खर्च झाली.

सुगीनंतर ज्वारी-गहू कडक उन्हात वाळवायचे. दाणा दाताखाली धरला की कट्‌कन तुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. आजचे शेतीतज्ज्ञही साठवायच्या धान्यात ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा म्हणतात. आजीची दाताची परीक्षा तेच सांगायची. मग पाखडून, चाळून भरायचं. मूग-मटकीला गोवऱ्यांची किंवा लाकडाची चाळलेली राख. तुरीला लाल मातीचा हात. डाळीला आणि गव्हाला एरंडेल, किलोला साधारण चमचाभर, दोन्ही तळहातांनी चोळून. मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला, पूर्ण वाळलेला, नाहीतर त्याचीच ओल लागते. एवढं करूनही कीड दिसलीच, तर धान्य चाळून ते जीव थोड्या दाण्यांसकट सावलीत, पायाखाली येणार नाहीत अशा जागी ठेवायचे, आणि मगच धान्याला ऊन दाखवायचं.

नंतरच्या काळात बाजारात गोळ्या आल्या. गोदामांसाठी असलेल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लोकांनी घरच्या कोठ्यांतही टाकल्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू निघतो, आणि त्या विषावर उतारा नाही. मुलंबाळं झोपतात त्या खोलीत ही गोळी ठेवणं म्हणजे किडीबरोबर माणसांचाही जीव पणाला लावणं. पाऱ्याच्या गोळ्याही धान्यात टाकतात, आणि पारा तर विषच. मैत्रिणींनो, ज्या घरात रात्री दिव्यावर पतंग येईल म्हणून जेवण सूर्यास्ताआधी होतं, त्या घरातल्या गव्हाच्या डब्यात विषाची पुडी असणं बरं दिसतं का? अहिंसा आणि आरोग्य इथे एकाच बाजूला उभे आहेत.

रॉकेलचा डबा, डालडाचा डबा

आता जुगाडाकडे येते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परदेशातून दिव्यांसाठी खनिज तेल येऊ लागलं. ‘रॉक ऑइल’चं आपण रॉकेल केलं. ते चौकोनी पत्र्याच्या डब्यांत यायचं, एक डबा साधारण ४ गॅलनचा म्हणजे १८ लिटरच्या आसपास, आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. तेल जळून जायचं, डबा आणि खोका उरायचा. मग आपल्या लोकांनी त्यांचं काय केलं नाही ते विचारा! वरचा पत्रा कापून, कड दुमडून, झाकण झाळून घेतलं की धान्याचा डबा. दोन्ही बाजूंनी भोकं पाडून दांडी घातली की पाण्याचा डबा. कापलेल्या पत्र्याच्या चाळण्या, नरसाळी, मापं, चिमण्या. खोका भिंतीला आडवा ठोकला की फडताळ, उभा ठेवला की मुलांचं दप्तरघर. मातीची कणगी दरवर्षी सारवावी लागे, हा पत्रा सारवण मागत नव्हता. म्हणून तो शहरांतल्या चाळींपासून खेड्यापर्यंत पोहोचला.

१९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि त्याच्या माडाचं चित्र असलेल्या पिवळ्या डब्यानेही तोच प्रवास केला. आत काय होतं ते ज्या घरात चालत नव्हतं, तिथेही मागून आणलेला रिकामा डबा तुळशीसाठी, बियांसाठी असायचाच.

१९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, आणि शहरातल्या घरांत मोठ्या कोठ्यांचं काम संपत आलं. आठवड्याचं धान्य मोजून मिळणार, मग साठवणार काय? पुढे १९७२ च्या दुष्काळात तर खेड्यातल्या कणग्यांनीही तळ गाठला. मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी आणि सुकडी माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल.

साठ-सत्तरच्या दशकांत स्टीलचे डबे आले. तांब्या-पितळेसारखी कल्हई नको, पत्र्यासारखा गंज नाही. बोहारीण दारात बसायची, जुने कपडे घ्यायची आणि बदल्यात डबा द्यायची. म्हणजे कपाटातली अडगळ बाहेर आणि स्वयंपाकघरात भांडं. आणि त्या डब्यांवर नाव घालायची पद्धत! कुणी दिलं, कशाबद्दल दिलं, तारीख काय. आपल्या घरातल्या बायकांच्या नावाने सातबारे फारसे निघत नाहीत, दुकानाच्या पाट्याही नाहीत. पण डब्याच्या पाठीवर त्यांची नावं तारखेसकट कोरलेली आहेत. जुना डबा मोडीत देण्याआधी तो एकदा उलटा करून वाचा.

पोथीची पेटी

आपल्या समाजाने सर्वांत काळजीने जपून ठेवलेली वस्तू धान्य नव्हती, सोनंही नव्हतं. ती होती पोथी. ताडपत्रं वर-खाली लाकडी फळ्या घालून दोरीने बांधायची, वेष्टनात गुंडाळायची, पेटीत ठेवायची. आणि वर्षातून एकदा, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला सगळं उघडून झटकायचं, वारा द्यायचा, नवं वेष्टन घालायचं. श्वेतांबर परंपरेत हेच कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला होतं. पूजा तर आहेच, पण नेमाने साफसफाई घडवून आणायची ही केवढी हुशार सोय! तिथीच ठरवून दिली की टाळता येत नाही.

तरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. षट्खंडागमावरच्या धवला टीकेची ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीच्या मंदिरात शतकानुशतकं जपली गेली. यात्रेकरूंना त्यांचं दर्शन व्हायचं, पण वाचन-अभ्यास जवळजवळ थांबला होता. काही पानं झिजलीही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या पुढाकाराने नकला करण्याचं काम सुरू झालं. ते अनेक वर्षं चाललं. आणि १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून डॉ. हीरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापून बाहेर आणला. तेव्हा कुठे ते शास्त्र सामान्य श्रावकाच्या हातात आलं. ज्यांनी जपलं त्यांचे उपकार आहेतच, त्यांच्यामुळेच छापायला काहीतरी उरलं. पण पेटीचं काम पूर्ण झालं ते पेटी उघडल्यावर. साठवण वापरासाठी असते.

साठा आणि अतिसंग्रह

मग किती साठवायचं? आपल्या धर्माने श्रावकाला ‘काहीच ठेवू नकोस’ असं सांगितलेलं नाही. ते मुनींसाठी. आपल्याला परिग्रहाचं परिमाण करायला सांगितलं आहे. बाह्य परिग्रहाची यादी पाहिलीत तर तिच्यात शेत, घर आणि सोन्याबरोबर धान्य, कापड आणि भांडीसुद्धा आहेत. म्हणजे स्वयंपाकघरातला डबा आणि कपाटातली साडी आचार्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे जे अतिचार सांगितले, त्यात अतिसंग्रह हा एक आहे. पुढे जास्त नफा मिळेल म्हणून धान्य वगैरे लोभाने साठवत जाणं, असा त्याचा अर्थ.

त्याच्या समोर जगडूशहाची गोष्ट ठेवा. कच्छमधल्या भद्रेश्वरचा हा जैन व्यापारी तेराव्या शतकातला. त्याच्या चरित्रात सांगितलं आहे की दुष्काळ येणार हे गुरूंकडून कळल्यावर त्याने धान्याची कोठारं भरून ठेवली. विक्रम संवत १३१३ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला आणि राजाची कोठारंही रिकामी झाली. राजाने जगडूचं धान्य मागितलं, तेव्हा कोठारांत ताम्रपट निघाले. त्यावर लिहिलं होतं, हे धान्य गरिबांसाठी आहे. आणि ते वाटलं गेलं. भरलेलं कोठार दोघांचंही, नफेखोराचं आणि जगडूशहाचंही. फरक आतल्या पाटीत.

आपल्या कणगीला एक गुण होता जो आजच्या कपाटांना नाही. ती भरली की भरली. तिच्यापलीकडे जागा नव्हती, म्हणून उरलेलं धान्य दान व्हायचं, विकलं जायचं, लेकीकडे जायचं. माप भांड्यातच होतं. आज जागा संपली की आपण आणखी एक डबा आणतो, आणखी एक कपाट करतो, आणि साठवणीच्या युक्त्या शोधतो त्या बहुतेक वेळा न लागणाऱ्या वस्तूंसाठी.

मग आजच्या घरात काय करायचं?

इतिहासातून चार कामाच्या गोष्टी उचलूया.

पहिली. तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा टाकू नका. झाकण करून घ्या, कड दुमडून घ्या म्हणजे हात कापणार नाही. गरम पाणी आणि साबणाने दोनदा धुवा, दोन दिवस कडक उन्हात तोंड उघडं ठेवून वाळवा. तो जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा. इनामगावचा ओटाच तो.

दुसरी. नवं धान्य जुन्यावर ओतू नका, कारण आपल्या डब्याला खाली भोक नाही. एकाच धान्याचे दोन लहान डबे ठेवा, एक चालू, एक भरलेला. झाकणावर भरल्याची तारीख लिहिलेला कागद चिकटवा.

तिसरी. पिठाचा डबा मोजून घ्या. घरात रोज अर्धा किलो पीठ लागत असेल तर पावसाळ्यात दीड किलोचा डबा, उन्हाळ्यात अडीच, थंडीत साडेतीन. मोठा डबा घरात असला की तो भरला जातोच. लहान डबा मर्यादा स्वतःच पाळतो.

चौथी. दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी एक कपाट उघडा, फक्त एक. वर्षभर हात लागला नाही ते बाजूला काढा. जुन्या सुती साड्यांची गोधडी किंवा धान्याच्या पिशव्या होतात. चांगले कपडे आणि भांडी ज्यांना हवीत त्यांना त्याच आठवड्यात पोहोचवा. देण्यासाठी काढलेली पिशवी महिनाभर दारामागे राहिली तर ती पुन्हा साठवणच.

हे करून झालं की मग दाराच्या मागे खिशांची पिशवी अडकवायची का ते बघा. कदाचित तिची गरजच उरणार नाही.

तुमच्या घरात बळद होतं का, कणगीला तुमच्याकडे काय म्हणायचे, आजी डाळीला काय लावायच्या, हे घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ती साठवणही करायलाच हवी.

जय जिनेंद्र.